वारीत चालायचं, सोबतीला एकच मैत्रीण न्यायची आणि काम मागून घ्यायचं

देव मानता का, हे वारीत कोणी विचारत नाही. कुठलं गाव, जेवलात का, पाय कसे आहेत एवढंच विचारतात. त्यामुळे "आपली काय तेवढी श्रद्धा नाही बाबा" म्हणून दरवर्षी फोटो बघत बसणारे जे असतात ना, हे त्यांच्यासाठी लिहितेय. श्रद्धा घरून पॅक करून न्यायची वस्तू नाहीये. चालायला लागा, सोबत एक माणूस असू द्या, हाताला काहीतरी काम असू द्या, मग काय होतं ते बघा. काहीच झालं नाही तरी पाय मजबूत होतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शहरातून जाणारे बहुतेक जण "सेवा करायला" म्हणून जातात, बिस्किटांचे बॉक्स घेऊन, ग्रुपचे टी-शर्ट घालून, आणि चार तास वाटप करून परत येतात. वाईट काही नाही त्यात. पण माझं मत विचाराल तर पहिले दोन दिवस फक्त घ्यायचं. पाणी घ्या, चहा घ्या, कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेका. घेणं आपल्याला जमत नाही, देणं लगेच जमतं, आणि कृतज्ञता वगैरे जे काही म्हणतात ते घेतानाच कळतं. सेवा तिसऱ्या दिवसापासून.

आधी तारखांचं बघू

आषाढी एकादशी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला आणि २०२५ ला ६ जुलैला. म्हणजे दरवर्षी पुढेमागे होते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवरून रजा टाकू नका, कॅलेंडर बघा. तुकोबारायांची पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि माऊलींची, म्हणजे ज्ञानेश्वरांची, आळंदीतून दुसऱ्या दिवशी अष्टमीला. दोन्ही आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपुरात पोचतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. मुक्कामांचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, कुठल्या दिवशी कुठे विसावा, कुठे जेवण, कुठे मुक्काम सगळं त्यात असतं, ते मोबाईलमध्ये ठेवा आणि शिवाय कागदावर पण लिहून घ्या, कागदावर का ते पुढे येईलच.

पूर्ण वारी पहिल्याच वर्षी करायचा हट्ट नको. रजा मिळत नाही, पायांना सवय नसते आणि मधेच सोडावी लागली की उगाच मन खट्टू होतं. चार-पाच दिवस काढा. बरेच जण आळंदी-पुणे किंवा पुणे-सासवड एवढंच चालतात, पण हे दोन टप्पे मला पहिल्या वेळेला अजिबात सुचवावेसे वाटत नाहीत. पुणे-सासवड तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाट, बऱ्याचदा तो दिवस एकादशीचा म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर केळी, आणि गर्दी इतकी की वारकरी कमी न् सेल्फीवाले जास्त. घाट देखणा आहे यात वादच नाही. पण वारी कळायला पुढे जा.

मी सांगेन लोणंदपासून सुरुवात करा. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी गावं पुणे-मिरज रेल्वेलाईनवर आहेत त्यामुळे येऊन मिळायला सोपं. नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, मग लोणंदचा मुक्काम (कधी एक कधी दोन, तिथीवर असतं) आणि तिथून तरडगावचा टप्पा अगदी छोटा. याच छोट्या टप्प्यात चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं (वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात ते). म्हणजे पहिल्याच दिवशी चाल कमी आणि बघायला भरपूर, नवख्या पायांना अजून काय पाहिजे. पुढे फलटण, बरड, नातेपुते. इथपर्यंत येईतो शहरातले हौशी लोक गळालेले असतात आणि उरलेली माणसं खरी चालणारी.

तुकोबांच्या पालखीबरोबर जायचं असेल तर बारामतीच्या पुढचा भाग बघा. काटेवाडीला पालखीसाठी धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. माऊलींच्या वाटेपेक्षा इकडे जरा मोकळं वाटतं असं माझं मत, आता यावरून भांडणारे भेटतील तुम्हाला, भांडू द्या.

दिंडी शोधायची कशी

दिंडी म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांचा गट. तिच्याशिवाय मोकळं चालणारे पण हजारो असतात. पण मुक्कामाला जागा, अंघोळ, जेवण हे रोज नव्याने शोधावं लागतं आणि पहिल्या वर्षी निम्मी ताकद त्यातच जाते. दिंडीत गेलात तर तंबू, दोन वेळचं जेवण आणि सामान ट्रकमध्ये. त्याचे जे पैसे भरायचे त्याला भिशी म्हणतात, रक्कम प्रत्येक दिंडीची वेगळी, थोडेच दिवस येणार असाल तर तसं मोकळेपणी सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. ओळखीच्या कुणाच्या तरी गावातून दिंडी जातेच जाते, ऑफिसातल्या शिपाईमामांना विचारा, दूधवाल्याला विचारा, घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. इंटरनेटवर शोधण्यापेक्षा हे लवकर जमतं. महिनाभर आधी फोन करून दिंडीप्रमुखांशी बोलून घ्या आणि दिंडीचा नंबर, पालखीच्या रथापुढची की रथामागची, हे नीट लिहून ठेवा. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात आणि मागे कितीतरी, नुसतं "आमची साताऱ्याकडची दिंडी" म्हणून शोधत बसलात तर रात्र होईल.

दिंडीत वागायचे नियम फार नाहीत पण जे आहेत ते पाळतात. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे तुळस नि हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. या ओळी चिरून मधून पळायचं नाही. विणेकऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. दारू, तंबाखू, मटण-मासे हे विषय तेवढे दिवस बंद. गळ्यात माळ नसली तरी चालतं, घाल म्हणून कोणी मागे लागलं तर हसून "पुढच्या वर्षी बघू माऊली" म्हणायचं. आणि हो, सगळ्यांना माऊलीच म्हणायचं, पोलिसाला पण, टँकरवाल्याला पण, धक्का मारून पुढे गेलेल्याला तर आवर्जून.

एक गोष्ट न चुकता बघा, संध्याकाळची समाजआरती. पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो आणि चोपदार हातातला दंड वर करतो. एकदम शांत. एवढा मोठा जनसमुदाय आणि कुणाचा आवाज नाही. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार त्यांच्याकडे जाऊन काय झालं विचारतात, तोडगा निघतो, हरवल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती होते. मी कितीतरी ऑफिसांमधल्या मीटिंगा बघितल्यात, यापेक्षा चांगली तक्रार ऐकायची पद्धत बघितली नाही.

सोबत कोण

ग्रुपने जाऊ नका. सात-आठ जण गेले की आपलीच पिकनिक होते, आपलेच जोक, आपलीच भांडणं, बाहेरच्या माणसाशी बोलायची गरजच पडत नाही. एकटंही पहिल्या वर्षी नको, पाय सुजला की रडू येतं आणि बघायला कोणी नसतं. एक जण बरोबर घ्या. तो किंवा ती कशी असावी? गप्प बसता येणारी असावी, हे पहिलं. दुसरं म्हणजे जिच्यासमोर तुम्हाला घाणेरड्या पायांनी, न विंचरलेल्या केसांनी, चिडचिड करत बसता येईल अशी. खूप वर्षं बोलणं कमी झालेलं आहे पण प्रेम आहे अशी जुनी मैत्रीण असेल तर फारच उत्तम, अडीच-तीन तास शेजारी शेजारी चालताना समोरासमोर न बघता जे बोलता येतं ते कॅफेत बसून येत नाही.

निघायच्या आधी दोघींनी काही गोष्टी ठरवून घ्या. चालायचा वेग एकसारखा नसतो, त्यामुळे दिवसभर चिकटून चालायचं नाही, विसाव्याला आणि दुपारच्या जेवणाला भेटायचं. फोनच्या भरवशावर राहू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क मिळत नाही नाहीतर चार्जिंग संपलेलं असतं, म्हणून तो कागद. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, सरळ आपल्या दिंडीच्या ट्रककडे जायचं, ट्रकचा नंबर दोघींना पाठ पाहिजे. आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास भांडण होणार, हे पण ठरवूनच ठेवा. झोप कमी, पाय दुखतायत, अंघोळीला रांग, आणि तिने तुमचा टॉवेल वापरला. होतं. त्या दिवशी वेगवेगळं चाला, रात्री एकमेकींच्या पायाला तेल लावायचं, विषय संपला. तेल लावताना कोणाला फार वेळ रागावता येत नाही.

आता दुसरी मैत्री, जी ठरवून करता येत नाही पण तिला जागा ठेवता येते. दिंडीत एखादी आजी किंवा आजोबा बघा जे रोज तुमच्या आसपास चालतात. अर्धा दिवस त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेगाने चाला. "तुम्ही वारी का करता" असला मुलाखतीचा प्रश्न नका विचारू, त्याला उत्तर नसतं. पाऊस कसा आहे तुमच्याकडे, पेरणी झाली का, हे विचारा. वारीला येणारे कितीतरी जण शेतकरी आहेत, पेरणी उरकून येतात, आणि पाऊस लांबला असेल तर बी मातीत टाकून किंवा न टाकताच निघालेले असतात. दुपारच्या विसाव्याला घरी फोन लावून पोराला "आभाळ आलं का" एवढंच विचारतात आणि फोन ठेवून परत टाळ घेतात. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाने हे शेजारी बसून ऐकणं फार गरजेचं आहे, मी अजून काही त्यावर बोलत नाही.

घ्यायचं कसं

हा भाग लोकांना सोपा वाटतो, नाहीये. वाटेवरच्या गावांमध्ये लोक दाराशी पाण्याचे पिंप भरून ठेवतात, कोणी पिठलं-भाकरी करतं, कोणी केळी वाटतं, कोणी घराची पडवी आणि संडास उघडून ठेवतं. पहिली अडचण आपला संकोच. "नको नको, आमच्याकडे आहे" हे तोंडातून आपोआप येतं. ते गिळा आणि घ्या. दुसरी अडचण उलटी, हाव. स्टॉल दिसला की हात पुढे, राजगिऱ्याचा लाडू चार ठिकाणी घेतला, रेनकोट दोन घेतले, अर्धा चहा सांडला आणि कप रस्त्यावर. भूक असेल तेवढं एका ठिकाणी घ्या, बसून खा, ज्याने दिलं त्याच्याकडे बघून खा, पानात काही टाकू नका. बाकीच्या ठिकाणी हात जोडून पुढे.

आणि मग ते येतं ज्याची कोणी पूर्वकल्पना देत नाही. तुमच्या आईच्या वयाची बाई पाणी देते आणि तुमच्या पाया पडते. अगदी खाली वाकून, रस्त्यावर. तुम्ही काल रात्रीपर्यंत लॅपटॉपवर असता आणि अंगात ब्रँडेड ट्रॅकपँट असते, कसलं काय. सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया "अहो अहो काय करताय" म्हणत दोन पावलं मागे सरकायची. सरकू नका. तुम्हीही वाका, तिच्या पायांना हात लावा, माऊली म्हणा. वारीत हे दोन्ही बाजूंनी असतं, लहान-मोठं बघत नाहीत. पाया पडून घेण्याचा संकोच आणि परत वाकण्याची सवय, या दोन गोष्टी रोज दहा-वीस वेळा झाल्या की मानेतला कुठला तरी ताठा सैल पडतो. मला तरी श्रद्धेचा पहिला अंदाज मंदिरात नाही आला, या वाकण्यातच आला.

रात्री कृतज्ञतेची डायरी वगैरे लिहायचा प्लॅन असेल तर सोडून द्या, आडवं पडल्यावर दोन मिनिटांत झोप लागते. त्यापेक्षा तेल लावताना मैत्रिणीला सांगा, आज मला कोणी काय दिलं. नावं माहीत नसतात म्हणून "तो हिरव्या शर्टवाला", "ती चष्म्याची दोरी बांधलेली" असं. आठवत आठवत गेलं की लक्षात येतं की सकाळच्या अंघोळीच्या टँकरपासून रात्रीच्या तंबूच्या दोरीपर्यंत कोणीतरी आपल्याआधी उठलेलं होतं.

काम कुठलं मागायचं

जे काम फोटोत चांगलं दिसतं तिथे माणसं भरपूर असतात. पाणीवाटप, नाश्ता, पाय दाबणं, रांग लागते सेवेकऱ्यांची. जे दिसत नाही तिथे माणूस मिळत नाही. ते मागा.

सगळ्यात मोठं काम पालखी गेल्यानंतर असतं. पहाटे पालखी हलली की मागे गावात पत्रावळ्या, द्रोण, प्लास्टिकचे कप, फाटके रेनकोट, चिखल, अन्न. एका रात्रीपुरती लाखोंची वस्ती झालेली असते तिथे. ग्रामपंचायतीचे कर्मचारी असतात, कॉलेजांची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं असतात, निर्मल वारी उपक्रमामुळे फिरती शौचालयं आल्यापासून परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे, पण तरीही हात कमीच पडतात. एक दिवस चालायचं सोडा, तळावर मागे थांबा, हातमोजे आणि जाड गोण्या घेऊन जा, तिथल्या सफाईच्या मुकादमाला किंवा एनएसएसच्या सरांना जाऊन सांगा की दोन माणसं आहेत, कुठे लावताय. ते सांगतील ते करा, आपली आयडिया चालवू नका. दुपारी एसटी नाहीतर मिळेल त्या गाडीने पुढच्या मुक्कामाला जाऊन आपली दिंडी गाठायची.

दिंडीतच काम हवं असेल तर स्वयंपाकाच्या ट्रकशी जा. रात्री दोन-अडीचला उठून बायका चपात्या लाटतात, हे बहुतेक पुरुषांना माहीतच नसतं कारण ते उठतात तेव्हा चपात्या तयार असतात. पुरुष माऊलींनो, तुम्ही मोठी पातेली घासायला घ्या. राखेने आणि काथ्याने घासायची, कंबर मोडते, कोणी फोटो काढत नाही. कांदे चिरा, पंगतीत वाढा, पंगत उठल्यावर जागा झाडा. बायका जात असाल तर फिरत्या शौचालयांच्या रांगेजवळ थोडा वेळ थांबा, म्हाताऱ्या बायकांना पायरी चढायला हात लागतो, पाण्याचा डबा भरून लागतो, दाराची कडी आतून लावायला भीती वाटते म्हणून बाहेर कोणीतरी उभं लागतं. सॅनिटरी पॅड्स जवळ ठेवा, मागणाऱ्या पोरी लाजून मागतात.

छोटी छोटी कामं तर किती सांगू. म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या खिशात घरचा फोन नंबर आणि दिंडी नंबर लिहिलेलं कार्ड घालून देणं, मार्कर पेन आणि प्लास्टिकची पाकिटं नेलीत की झालं. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून कुठली सकाळची कुठली रात्रीची ते सांगणं (डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलायला सांगायचा नाही). पॉवर बँकवर फोन चार्ज करून देणं. हरवलेल्या माणसाला घेऊन समाजआरतीच्या जागेपर्यंत किंवा पोलिसांच्या मदत केंद्रापर्यंत जाणं. चपलेचा अंगठा शिवून देणारे, फुकट दाढी करून देणारे कारागीर रस्त्याकडेला बसलेले असतात, त्यांना कोणी पाणी विचारत नाही, त्यांना पाणी द्या.

पाय चेपून द्यायचे असतील तर जरा जपून. आधी विचारा, बायकांचे पाय बायकांनीच चेपावेत. फोड आलाय, कातडी फाटलीय, एकच पाय गरम आणि सुजलेला आहे, किंवा डायबेटिस आहे म्हणतायत, तर चोळायचं नाही, वैद्यकीय पथकाकडे न्यायचं, वाटेवर जागोजागी असतात. ट्रेनिंग नसेल तर इंजेक्शन-मलमपट्टीच्या टेबलामागे उभं राहू नका. चक्कर आलेल्या माणसाला सावलीत बसवून, शुद्धीवर असेल तरच, ओआरएस घोटघोट पाजणं आणि पथकाला बोलावणं एवढं कोणालाही जमतं.

वस्तू वाटायच्या असतील तर दिंडीप्रमुखांना आधी विचारा काय कमी आहे. बिस्किटं कधीच कमी नसतात. ताडपत्री, नायलॉनची दोरी, बॅटरीचे सेल, पायाला लावायचं व्हॅसलीन, डोकेदुखीचा बाम, असलं काहीतरी सांगतील. फोटोबद्दल एकच, चपाती घेणाऱ्या हाताचा फोटो काढायचा नाही. तुम्ही पण तिथे दोन दिवस घेतच होता ना.

सामान आणि पाय, पटकन

नवे बूट अजिबात नकोत, जुने मळलेले बूट किंवा पट्ट्याची सँडल. महिनाभर आधी चालायला लागा, रोज थोडं आणि आठवड्यात सलग दोन दिवस दहा-बारा किलोमीटर, कारण एक दिवस चालणं कोणालाही जमतं, दुसऱ्या दिवशी उठून परत चालणं ही खरी परीक्षा. बीपी, शुगर, गुडघे असतील तर डॉक्टरांना दाखवून. अंगावर लवकर वाळणारे कपडे, डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा कागद (छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते), पातळ टॉवेल, टॉर्च, सुटे पैसे, आधारची झेरॉक्स, रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून. सकाळी चालायच्या आधी बोटांच्या मधे व्हॅसलीन लावलं की फोड कमी येतात. पिशवीवर नाव आणि दिंडी नंबर मोठ्या अक्षरात, ट्रकमध्ये सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

श्रद्धेचं काय मग

अनुभव यायची वाट बघत चालू नका, येत नाही तसा. हरिपाठाचं छोटं पुस्तक घ्या आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर म्हणा, चाल लागत नसेल तर टाळ्या वाजवा. रिंगणात उभं राहा. दोन घोडे धावतात, एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कोणीच नसतं, तो माऊलींचा अश्व, त्यावर माऊली बसलेत असं मानतात. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. घोडा गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तुम्हाला लावावीशी वाटली तर लावा, नाही वाटली तर बाजूला उभं राहून बघा, जबरदस्तीने डोळ्यात पाणी आणायची गरज नाही आणि मनातल्या मनात हसायची पण गरज नाही.

ज्यांना इतिहासातून आत शिरायला बरं वाटतं (मी त्यातलीच) त्यांनी एवढं डोक्यात ठेवून चालावं की तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली असं मानतात आणि माऊलींच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. अधेमधे साथी आल्या, दुष्काळ आले. २०२० आणि २०२१ मध्ये तर कोरोनामुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला नेल्या. तरी पुढच्या वर्षी माणसं परत आपापल्या नंबरच्या जागी येऊन उभी राहिली, पत्रिका कोणी पाठवलेली नसताना.

पंढरपूर आणि त्याच्या पुढे

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि मग शेवटचा छोटा टप्पा. एकादशीच्या दिवशी पदस्पर्श दर्शनाची बारी काही किलोमीटर लांब जाते, तासन् तास उभं राहायला लागतं, ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं. पण कितीतरी जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि मुक्कामाला जातात. तेवढ्यात त्यांचं होतं. पहिल्या वर्षी तुम्हीही हेच करा, आणि नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे तिथे थांबून जा, आत जाऊ न दिलेल्या माणसाची जागा आहे ती. मुक्कामाची सोय दिंडीच्या मठात किंवा तंबूत होते का ते आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी लॉज मिळणार नाही. परतीला एसटी जादा गाड्या सोडते, रेल्वेने यायचं तर पंढरपूरहून थेट गाडीत जागा नाही मिळाली तर कुर्डुवाडीपर्यंत येऊन तिथून बघायचं.

आणि रजा शिल्लक असेल तर एक वेगळंच सुचवते. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालख्या परत निघतात. या परतीच्या वाटेवर टीव्हीवाले नसतात, स्टॉल नसतात, रिंगणं नसतात, माणसं अगदी थोडी. माऊलींची पालखी दहा-अकरा दिवसांत आळंदीला पोचते म्हणजे रोजची चाल जाण्यापेक्षा मोठी. जाताना एवढा ओसंडून वाहणारा चहा परतीला मिळेलच असं नाही, आणि जे चालतात त्यांच्यासाठी पाण्याचे कॅन भरून ठेवायला, सामानाची गाडी लावायला, जेवण रांधायला हात फार कमी असतात. गाडी असलेले दोघं-तिघं जरी एखादा दिवस पुढच्या मुक्कामी जाऊन पाणी, शिधा आणि झोपायची जागा बघून आले तरी त्यांचा अख्खा दिवस सोपा होतो. कुठल्या मुक्कामाला काय कमी पडतं ते दिंडीप्रमुखांना पंढरपुरातच विचारून घ्या, कारण एकदा सगळे पांगले की फोन लागत नाहीत.